उतारवयांत टकळी हातीं घ्यावी काय ?

गेल्या पंधरवड्यांतली गोष्ट. कोर्टाच्या मधल्या सुटींत आम्ही वकिलांच्या खोलींत बसलों असतां एका स्नेह्यांनीं आमच्या काळ्या कोटाच्या बाहीकडे बोट दाखवून विचारलें, "हा कापूस कसला हो ? गादी पिंजून आलांत कीं काय ?" आम्हीं खरें तें सांगितलें. रोज सकाळीं अर्धा तास आम्ही सूत काततों, आणि त्या दिवशीं उशीर झाल्यामुळें कोट झटकावयाचा राहून गेला होता. एवढें ऐकतांच खोलींत हंशा पिकला. एक म्हणाले, "आतां या वयांत ?" दुसरे म्हणाले, "अहो, हें तर बायकांचें काम." तिसरे हिशेबी; त्यांनीं विचारलें, "दुकानांत सुताचें रीळ मिळत नाहीं काय ?" इतक्यांत सुटी संपली आणि मंडळी पांगली.

त्या हंशाचा आम्हांस राग आला नाहीं. कारण दोन वर्षांपूर्वीं आम्हीही त्याच बाकावर बसून तसेच हंसलों असतों. परंतु ते तीन प्रश्न केवळ विनोदाचे नाहींत. आमच्या शहरांतील शिकलेला व व्यापारी वर्ग चाळिशी ओलांडल्यावर आपल्या आयुष्याचें काय करतो, हातानें काम करणाराकडे तो कोणत्या नजरेनें पाहतो, आणि जें रुपयांत मोजतां येत नाहीं त्याची त्यास कांहीं किंमत वाटते कीं नाहीं, हे तीन मोठे प्रश्न त्या तीन लहान प्रश्नांत दडलेले आहेत. म्हणून त्यांचा क्रमानें विचार करणें अवश्य आहे.

पहिला प्रश्न वयाचा. विद्या बालपणीं, पैसा तरुणपणीं आणि जप म्हातारपणीं, अशी आयुष्याची वांटणी आपल्याकडे ठरून गेल्यासारखी आहे. चाळिशी उलटलेला गृहस्थ नवें कांहीं शिकत नाहीं; तो फक्त शिकवतो. घरीं मुलांस, दुकानांत गुमास्त्यांस, सभेंत श्रोत्यांस आणि पेन्शन झालें म्हणजे सर्व जगास. आपणांस एखादी गोष्ट येत नाहीं हें चारचौघांत दिसूं देणें त्याला मरणप्राय वाटतें. त्यामुळें जें येतें तेवढ्याच्याच कुंपणांत तो उरलेलीं वीस-पंचवीस वर्षें काढतो. आणि मोकळा वेळ मिळाला तर तो हातांतील मोबाइलच्या हवालीं करतो. यालाच आपण विश्रांति म्हणतों.

पण महाराष्ट्राचा इतिहास कांहीं वेगळें सांगतो. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणून ओळखतात, ते पुण्याचे वकील. त्यांचा जन्म १८२८ सालचा. १८७० सालीं पुण्यांत सार्वजनिक सभा उभी राहिली ती मुख्यतः त्यांच्या खटपटीनें. १८७२ सालीं, म्हणजे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनीं स्वदेशीचें व्रत घेतलें व पुढें ते स्वतः सूत कातूं लागले. १८७७ सालच्या दिल्ली दरबारास राजेरजवाडे जरीच्या पोशाखांत जमले असतां हा वकील जाडीभरडी खादी अंगावर घालून गेला. खादी हा शब्द राजकारणांत येण्यापूर्वीं चाळीस वर्षांची ही हकीकत आहे. काका कातावयास बसले तेव्हां पक्षकार हंसले असतील, शेजारी हंसले असतील. पण इतिहासानें नोंद ठेवली ती त्या हंसण्याची नव्हे.

दुसरें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांतलें वय कोणी लक्षांत घेत नाहीं. १९०९ सालीं 'हिंद स्वराज्य' लिहिलें तेव्हां गांधीजींस चरखा कोणता व हातमाग कोणता हेंही नीट ठाऊक नव्हतें. ही गोष्ट त्यांनींच पुढें मोकळ्या मनानें कबूल केली आहे. चरखा शोधून काढण्याचें श्रेय गंगाबेन मजमुदार या बाईंचें. बडोदें संस्थानांतील विजापूर येथें त्यांना तो सांपडला, आणि तोही कसा ? अडगळ म्हणून लोकांनीं माळ्यावर टाकलेला. पुढें मुंबईस आजारानें अंथरूण धरलें असतां गांधीजींच्या खोलींत चरखा फिरूं लागला. त्या वेळीं तो प्रथम शिकणाऱ्या बायकांत आपल्या अवंतिकाबाई गोखले होत्या. विलायतेंतून बॅरिस्टर होऊन आलेल्या या गृहस्थानें पन्नाशीच्या उंबरठ्यावर, बायकांच्या पंक्तीला बसून, धागा काढण्याचे धडे घेतले. तेव्हां "या वयांत ?" या प्रश्नाचें उत्तर एवढेंच कीं, होय, याच वयांत. तरुणाला शिकण्याची लाज वाटत नाहीं. म्हणून त्याच्या शिकण्यांत विशेष तें काय? जो मोठेपणाला पोहोंचला आहे त्यानें पुन्हां अडाणी होऊन बसणें, यांत खरा पुरुषार्थ आहे.

आतां थोडें अनुभवाचें बोलूं. आमच्या गुरु म्हणजे वर्षानुवर्षें मजुरीनें सूत कातणाऱ्या एक वृद्ध बाई. आम्ही त्यांस मावशी म्हणतों. त्या आम्हांस वकीलसाहेब म्हणतात, आणि त्या शब्दांतील 'साहेब' पहिल्याच दिवशीं फिका पडला. पेटीचरख्यापुढें बसावें, उजव्या हातानें चाक फिरवावें, डाव्या हाताच्या अंगठ्यांत व बोटांत पेळू हलकेंच धरावा आणि हात मागें न्यावा. पाहणाराला हें लेंकराचें काम वाटतें. चाती गरगर फिरते, तिच्या टोंकावरून पीळ चढतो आणि पेळूंतले तंतु एकमेकांस धरून धागा होतात. पण डावा हात जरा घाईनें मागें गेला कीं धागा केसासारखा होऊन तुटतो. चाक जरा अधिक फिरलें कीं पीळ अनावर होऊन धागा मुरडतो व स्वतःशींच गुंततो. आणि कमी फिरलें तर पीळच बसत नाहीं, कापूस नुसता ओघळतो. हातभर धागा निघाला म्हणजे चाक किंचित् उलट फिरवून टोंकावरचीं वेटोळीं उलगडावयाचीं, आणि मग तो चातीवर गुंडाळावयाचा. या लहानशा उलट फेऱ्यांत आमचे पहिले आठ दिवस गेले. जें सूत निघालें तें कोठें दोरखंडासारखें तर कोठें कोळ्याच्या जाळ्यासारखें. विणकराच्या दारीं नेण्याच्या तें लायकीचें नव्हतेंच. घरांत दिव्याच्या वाती करावयास व पुडकीं बांधावयास मात्र उपयोगीं पडलें.

मावशींनीं एके दिवशीं आमची धडपड पाहून सांगितलें, "वकीलसाहेब, ओढूं नका. धागा आपण होऊन येतो. तुम्ही नुसतं मागं सरा." हें वाक्य आमच्या मनांत रुतून बसलें. वीस वर्षें आम्हीं साक्षीदारांच्या तोंडून उत्तरें ओढून काढलीं. घरांत, कचेरींत, सभेंत, सर्वत्र आमचा हात ओढण्याचाच. येथें दमदाटी चालत नाहीं, वरच्या कोर्टाचा निवाडा दाखवून भागत नाहीं, आणि तहकुबीही मिळत नाहीं. ज्या क्षणीं मन दुसरीकडे जातें त्याच क्षणीं धागा तुटतो. एवढा चोख न्यायाधीश आम्हांस दुसरा भेटला नाहीं. चाळिशीनंतरच्या माणसाला अशा एखाद्या न्यायासनापुढें रोज अर्धा तास उभें राहणें फार हितकर आहे, असें आमचें मत झालें आहे.

दुसरा प्रश्न: हें बायकांचें काम. हा आक्षेप घेणारांस आम्ही त्यांच्याच आजोबांची आठवण करून देतों. जानव्याचें सूत ब्राह्मणांच्या घरांत पुरुषच टकळीवर काढीत. मांडीवर टकळी फिरवून तें सूत कातणें, चार बोटांभोंवतीं त्याचे शहाण्णव वेढे मोजणें, यांत कोणास कमीपणा वाटला नाहीं. उलट तें शुचिर्भूत होऊन करण्याचें काम होतें. तेव्हां टकळी बायकी नव्हती व हलकीही नव्हती. म्हणजे न्याय असा झाला कीं, जें सूत स्वतःच्या जातीचा मोठेपणा मिरवतें तें कातणें पुण्य. आणि जें सूत शेजाऱ्याची लाज झांकतें तें कातणें हलकें! विणकर कबीराचीं पदें टाळ वाजवून म्हणावयाचीं आणि साळी-कोष्ट्याला आपल्या पंक्तीला घ्यावयाचें नाहीं, हाही त्याच न्यायाचा दुसरा भाग. हातांच्या कामाबद्दलचा हा तिटकारा आपल्या समाजाच्या अंगीं इतका मुरला आहे कीं, तो जातीच्या नांवानें गेला तरी शिक्षणाच्या नांवानें परत येतो. मुलगा पदवीधर झाला कीं त्याच्या हाताला खिळा ठोकतां येत नाहीं, आणि आईबापांस त्याचा अभिमान वाटतो.

बायकांचें काम म्हणून जें हिणवलें जातें त्याची कथा तर अधिकच विचार करण्यासारखी आहे. गिरण्या निघण्यापूर्वीं या देशांत विणणें बहुधा पुरुषांचें व कातणें बहुधा बायकांचें असे. शेतांत राबूं न शकणारी विधवा, म्हातारी, घराबाहेर पडण्याची मोकळीक नसलेली सून, या सर्वांना चार पैसे स्वतःच्या हातचे मिळवून देणारें हें एकच साधन होतें. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी गिरण्यांचें सूत आलें. मागाहून १८५४ सालीं मुंबईंत कावसजी दावर यांनीं गिरणीचा पाया घातल्यावर देशी गिरण्यांचेंही सूत वाढत गेलें. विणकराचें हाल झाले याबद्दल पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु त्याच्याही आधीं जिचें चाक थांबलें त्या कातणारणीचें नांवही कोणीं विचारलें नाहीं. पुरुषांनीं आज टकळी हातीं घेतली तर त्यांतून हें जुनें देणें फिटणार नाहीं हें खरें. पण निदान तें देणें आहे एवढें तरी कळेल.

तिसरा प्रश्न हिशेबाचा. आणि आमचे बहुसंख्य वाचक व्यापारी असल्यामुळें येथें आम्ही हातचें कांहीं राखून ठेवणार नाहीं. पांच वार लांब व सव्वा वार पन्ह्याचें साधें कापड घ्या. दर इंचीं चाळीस उभे व चाळीस आडवे धागे धरले तर उभ्यांस नऊ हजार वार आणि आडव्यांस नऊ हजार वार, मिळून अठरा हजार वार सूत लागतें. वीस नंबरी सुताच्या ८४० वारांच्या वीस लडी एका रत्तलांत बसतात. त्या मानानें हें सूत वजनाला अर्धा किलोच्या आसपास भरेल. तरबेज कातणारा चरख्यावर तासाला तीनचारशें वार सूत काढतो. आमच्यासारख्या हौशी माणसाच्या अर्ध्या तासाला शंभर वार धरले तरी पुष्कळ झाले. म्हणजे एका कापडाला एकशें ऐंशी दिवस, म्हणजे सहा महिने ! शिवाय विणकराची मजुरी निराळी, आणि तुटीफुटीचा हिशेब निराळा. या व्यवहारांत नफा आहे असें जो सांगेल तो तुम्हांस फसवीत आहे. चरखा गिरणीशीं स्पर्धा करूं शकत नाहीं, आणि हौशी माणसाचा चरखा तर मुळींच नाहीं.

परंतु हाच हिशेब उलट बाजूनें वाचा. जें कापड आपण दुकानांत दोन मिनिटांत फाडून घेतों, आणि वर्षभरानें पोतेऱ्याला टाकतों, त्यांत मनुष्याच्या हातचीं एवढीं फेरे-वेढे एकेकाळीं होतीं, हें पुस्तक वाचून कळत नाहीं. तें बोटांनाच कळावें लागतें. ज्यानें स्वतः शंभर वार सूत काढलें आहे तो खादीच्या दुकानांत घासाघीस करीत नाहीं. आणि तो फसतही नाहीं. खादीच्या नांवाखालीं गिरणीचें सूत खपविण्याचा उद्योग जुनाच आहे; त्याला आळा घालण्यासाठीं सरकारला २०१३ सालीं खादीची खूण कायद्यानें ठरवावी लागली. आज बहुतेक खादीचें सूत अनेक चात्यांच्या सुधारलेल्या चरख्यांवर निघतें व तें पूर्वींपेक्षां पुष्कळ सारखें असतें, तरीही कातणाऱ्याची नजर त्यांत हात कोठें आहे हें बरोबर हुडकते. कापडाच्या व्यापाऱ्यानें निदान आपला माल ओळखण्यापुरतें तरी कातावयास शिकावें, हें त्याच्या धंद्याच्या दृष्टीनेंही गैर नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही सक्तीचे पुरस्कर्ते नाहीं. १९२४ सालीं बेळगांवच्या काँग्रेसमध्यें, गांधीजी स्वतः अध्यक्ष असतांना, प्रत्येक सभासदानें दरमहा दोन हजार वार सूत द्यावें असा नियम झाला. ज्याची इच्छा नसेल त्यानें दुसऱ्यानें कातलेलें सूत आणून द्यावें अशी पळवाटही त्यांत ठेवली गेली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. सूत विकत घेऊन सभासदत्व राखणारे निघाले, आणि १९२५ च्या सप्टेंबरांत पाटण्यास ती सक्ती सैल करावी लागली. त्याच महिन्यांत रवींद्रनाथ ठाकुरांनीं, सर्व देशानें एकाच चाकाला जुंपून घेण्यावर कडक टीका केली. रवींद्रनाथांचा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि तरीही आम्ही काततों. कारण आज्ञा म्हणून जें मनाला बधिर करतें तेंच आवडीनें घेतलें असतां मनाला जागें करतें. जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणते ती दळण स्वतःचें म्हणून. दळणाची सक्ती असती तर तिच्या तोंडून शिव्याच निघाल्या असत्या. म्हणून छंद हा शब्द आम्ही जाणून वापरतों, व त्याची आम्हांस लाज वाटत नाहीं.

आतां चौथा प्रश्न. तो वकिलांच्या खोलींत कोणींही विचारला नाहीं. तो मावशींनीं विचारला. आमचें सूत जरा सारखें निघूं लागल्यावर आम्हीं मोठ्या उत्साहानें त्यांस म्हटलें कीं, हें आतां केंद्रावर नेऊन देऊं, पैसे नकोत. त्या थोडा वेळ चाक फिरवीत राहिल्या आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुम्ही फुकट दिलंत तर माझ्या सुताला भाव कोण देईल ?" त्या प्रश्नावर आमच्या सर्व कायद्याच्या ज्ञानाला उत्तर सुचलें नाहीं. सुखवस्तु माणसाची हौस ही गरिबाच्या पोटावर पाय देऊं शकते, ही गोष्ट आमच्या ध्यानींमनींही नव्हती.

चरख्याच्या पुरस्कर्त्यांनाही हा प्रश्न पूर्वीं पडला होता. स्वस्त खादी पाहिजे म्हणून कातणारणीची मजुरी खालींच ठेवली जात असे. वर्ध्याजवळ नालवाडी येथें विनोबांनीं रोज कित्येक तास कातून, त्या मजुरींत माणूस जगूं शकतो काय, हें स्वतःच्या पोटावर अनुभवून पाहिलें. १९३५ सालीं गांधीजींच्या आग्रहावरून चरखा संघानें, कातणारणीला पोट भरेल एवढी मजुरी दिलीच पाहिजे, हें तत्त्व स्वीकारलें. खादी महागेल व गिऱ्हाईक तुटेल, ही भीति समोर असतांना त्यांनीं तें केलें. देशभक्तीच्या नांवावर एका गरीब बाईचे श्रम स्वस्तांत घेणें ही देशभक्ति नव्हे, हा धडा तेव्हांचा आहे. आणि तो आजही आपण नीट गिरविलेला नाहीं. स्वदेशीचीं व्याख्यानें झोडणारे आम्ही लोक खादीच्या दुकानांत प्रथम कोणती गोष्ट विचारतों ? सूट किती टक्के !

म्हणून जे कोणी उतारवयांत हा छंद लावून घेऊं इच्छितात त्यांस आमचें नम्र सांगणें असें. आरंभ टकळीपासून करावा. ती स्वस्त असते, खिशांत मावते, आणि पिळाचें मर्म बोटांना तीच लवकर शिकवते. पेळू मात्र चांगला घ्यावा. गांठाळ पेळूवर शिकणारा निराश होतो व दोष आपल्या वयास देतो. वेळ ठरलेली असावी, आणि ती अर्ध्या तासाहून अधिक नसावी. मान व पाठ यांचाही आपल्यावर हक्क आहे. शिक्षक म्हणून शक्य तर मजुरीनें कातणारीच व्यक्ति शोधावी, तिला रीतसर शिकवणी द्यावी, आणि घरांत पंतोजीला जो मान देतों तोच तिला द्यावा. ओसरीवर नव्हे, खुर्चीवर बसवावें. आपलें सूत बाजारांत स्वस्त किंवा फुकट लोटूं नये. तें घरीं वापरावें, नाहींतर विणकरास पुरी मजुरी देऊन त्याचें कापड करून घ्यावें. आणि जो छंद आपण वेळ घालविण्यासाठीं करतों तो दुसऱ्या कोणाचा चरितार्थ आहे, याचें स्मरण प्रत्येक वेढ्यासरशीं ठेवावें.

आमच्या शहरांत वाचनालयें आहेत, पेन्शनरांचे कट्टे आहेत, व्यापारी मंडळाचें सभागृह आठवड्यांतून पांच दिवस रिकामें असतें. अशा एखाद्या ठिकाणीं आठवड्यांतून एक दिवस तासभर दहापांच प्रौढ माणसें टकळ्या घेऊन बसलीं, आणि त्यांत वकील, सराफ, मास्तर, साळी व मजूर बाया एका सतरंजीवर असल्या, तर त्या तासांत जेवढें सूत निघेल त्याहून अधिक कांहीं निघेल, अशी आमची खात्री आहे. तेथें ज्याला येतें तो गुरु व ज्याला येत नाहीं तो शिष्य, एवढीच जात राहील.

बाररूममधील आमच्या त्या तिन्ही स्नेह्यांस आमचें आग्रहाचें निमंत्रण आहे. त्यांनीं एक रविवार सकाळीं आमच्या ओसरीवर यावें. टकळ्या आम्ही देऊं, पेळू आम्ही देऊं, चहाही देऊं. मावशी शिकवतील. त्यांची शिकवणी मात्र ज्याची त्यानें द्यावी, आणि ती देतांना घासाघीस करूं नये.